राणीची मूर्च्छा : अजिंठ्याच्या छायेत अहिंसेचे चित्रपट

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव कोरून ठेवले आहे. वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरलेल्या या माणसाला ती लेणी दिसली, ही हकिकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच लेण्याच्या भिंतीवर एका शिकारीचेच चित्र आहे, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते चित्र षड्दंत जातकाचे आहे. पूर्वजन्मीच्या मत्सराने पेटलेली राणी सहा सुळ्यांच्या गजराजाचे सुळे आणण्यासाठी व्याधाला धाडते. विषारी बाण लागलेला हत्ती त्या व्याधाला चिरडू शकला असता. तो त्याला चिरडीत नाही. व्याधाच्या हातून सुळे कापले जात नाहीत, तेव्हा तो स्वतःच करवत सोंडेत धरतो. पुढे ते सुळे दरबारात आणले जातात आणि ते पाहताच राणी मूर्च्छित होऊन कोसळते.

हीच कथा काही शतकांनंतर सतराव्या लेण्यात पुन्हा रंगवली गेली. ज्यांनी ती रंगवली त्यांना आपल्या माध्यमाची एक मोठी अडचण चांगलीच ठाऊक असावी. हिंसा चितारणे सोपे आहे. बाण सुटतो, रक्त येते, देह पडतो. डोळ्यांना दिसण्याजोगे सारे तेथे असते. अहिंसा चितारायची कशी? न उगारलेला हात, न उच्चारलेला शाप यांना रंग कोणता द्यायचा? अजिंठ्याच्या चित्रकाराने ही अडचण सोडविली ती राणीच्या मूर्च्छेतून. ज्याने सोसले त्याच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक लक्ष त्याने जिने सोसायला लावले तिच्याकडे दिले. अहिंसेचा परिणाम त्याने हिंसा करणाऱ्याच्या देहावर दाखविला.

या भिंतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, २०१४ पासून अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे. त्याच्या जीवनगौरव पुरस्काराचे नाव 'पद्मपाणी' आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराचे नाव 'सुवर्ण कैलास' असे आहे. पहिल्या लेण्यातील हाती कमळ धरलेला पद्मपाणी म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. हे नाव ज्याने सुचविले असेल त्याचे कौतुक करून थांबावे, असे प्रथम वाटते. परंतु नाव घेतले की नावासोबत येणारा प्रश्नही घ्यावा लागतो. करुणेच्या आणि निःशस्त्र प्रतिकाराच्या चित्रपटांचा एखादा महोत्सव याच परिसरात, लोकांनी लोकांसाठी भरवायचे ठरविले, तर त्यात कोणते चित्रपट असावेत आणि ते कोणत्या कसोटीवर निवडावेत? प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

माझ्या दृष्टीने अशा कसोट्या तीन आहेत. पहिली, अहिंसा ही कुणा महात्म्याची जन्मजात देणगी म्हणून न दाखवता एक श्रमाचे आणि शिस्तीचे काम म्हणून चित्रपट ती दाखवितो काय, आणि त्या कामाची किंमत कोण मोजतो हे सांगतो काय? दुसरी, अजिंठ्याच्या चित्रकाराप्रमाणे तो अन्याय करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळून पाहतो काय? तिसरी आणि सर्वांत अवघड कसोटी अशी की, अहिंसा हरते तेव्हा तो मान फिरवितो, की तेथेच उभा राहतो?

सुरुवात घरापासून करू. भारतीय चित्रपटाचा आरंभच एका परीने आपल्या परिचयाच्या कथेतून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांचीही अशी चित्रे पडद्यावर यावीत या ध्यासाने ते झपाटले. १९१३ साली त्यांनी जो चित्रपट लोकांपुढे आणला तो 'राजा हरिश्चंद्र'. म्हणजे सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची कथा. शस्त्राविना सोसणाऱ्या नायकाशी आपल्या पडद्याचे नाते हे असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

या नात्याला कलेची उंची दिली ती 'प्रभात'ने. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. या चित्रपटाकडे आपण भक्तिपट म्हणून पाहतो. परंतु गाथा नदीत बुडविण्याचा हुकूम पाळून काठावर अन्नपाण्यावाचून बसलेला तुकाराम दांडीयात्रेनंतर सहा वर्षांनी चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला निव्वळ संत वाटला असेल काय? विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्यावर त्या प्रसंगी राग नाही आणि लाचारीही नाही. पण माझ्या मते चित्रपटाचे खरे मोठेपण गौरीने साकारलेल्या जिजाईत आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे, आणि नवरा आलेले धन परत पाठवितो. देवळात शिरून पांडुरंगावर पायतण उगारणारी ही बाई पतीच्या अहिंसेची किंमत रोजच्या रोज मोजीत असते. चळवळीत पडलेल्या माणसांच्या घरी चूल कोण पेटविते, हा प्रश्न अहिंसेच्या चित्रपटांतून सहसा गळून पडतो. तो येथे गळलेला नाही. शेवटचा चमत्कार मात्र आमच्या तिसऱ्या कसोटीवर उणा पडतो. गाथा पाण्यातून वर येते आणि चित्रपटाची त्या अवघड प्रश्नातून सुटका होते. ज्यांच्या गाथा वर येत नाहीत त्यांनी काय करावे?

या प्रश्नाचा आणखी कठीण अवतार पैठणच्या कथेत भेटतो. व्ही. शांताराम यांनी १९३५ साली संत एकनाथांवर चित्रपट काढला आणि नाथांची भूमिका बालगंधर्वांना दिली. चित्रपटाचे मूळ नाव होते 'महात्मा'. त्या नावातून आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कथेतून गांधीजींची सावली डोकावते, असे वाटून परीनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली आणि चित्रपट 'धर्मात्मा' या नावाने प्रदर्शित झाला. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणारा मनुष्य आणि पुनःपुन्हा नदीकडे वळणारे नाथ ही आख्यायिका मराठवाड्यात अजून घरोघर सांगितली जाते. चित्रपटाने मात्र भर दिला तो नाथांनी महाराच्या घरी जाऊन जेवण्यावर. त्या काळात हे धाडसच होते आणि एका शब्दासाठी सत्तेने केलेली घासाघीस त्या धाडसाची पावतीच म्हणावी लागेल.

तथापि समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. 'धर्मात्मा'मध्ये करुणा वरून खाली वाहते. संत देतो, वंचित घेतो आणि कृतज्ञतेने हात जोडतो. चित्रपटाबाहेर मात्र काळ पुढे सरकला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळीत घेतले, ते कुणी दिले म्हणून नव्हे, तर तो आपला हक्क होता म्हणून. त्यानंतर सवर्णांच्या जमावाने परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालविल्या. हाताशी बळ असताना बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उगारू दिला नाही. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. वर्षांमागून वर्षे गेली, मंदिराचे दार उघडले नाही. आणि 'धर्मात्मा' आला त्याच १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पडद्यावर संत महाराच्या घरी जेवत होता. पडद्याबाहेर तो महार त्या घराचाच उंबरठा ओलांडून निघाला होता. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अहिंसेच्या मराठी चित्रपटाचा हिशेब पुरा होत नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, ती वाट नागपूरला बुद्धाच्या चरणांशी पोहोचली. आज अजिंठ्याच्या पायऱ्या चढणाऱ्या कित्येक कुटुंबांसाठी ती लेणी प्रेक्षणीय स्थळ नसून तीर्थ आहेत, यामागे हा सारा इतिहास आहे.

हेच मनात ठेवून रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' (१९८२) पुन्हा पाहावा. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत मानवी मूल्यांच्या विभागात 'गांधी'ला स्थान होते. ते योग्यच आहे. धारासना येथील मिठागराचा प्रसंग आमच्या पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरतो. सत्याग्रहींची रांग पुढे होते, लाठ्या बसतात, स्त्रिया जखमींना बाजूला नेतात, पुढची रांग पाऊल टाकते. संगीताचा गहिवर नाही, भाषण नाही. जणू एखादे कष्टाचे काम चालले आहे. पण ती लाठी मारणारे हात हिंदी शिपायांचेच होते. त्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, याचा शोध चित्रपट घेत नाही. तो बातमी दूरध्वनीवरून जगाला कळविणाऱ्या परदेशी पत्रकाराकडे वळतो. जणू राणीच्या मूर्च्छेऐवजी सुळे पाहणाऱ्या प्रवाशाचे चित्र काढावे! शिवाय तीन तासांहून अधिक चालणाऱ्या या चित्रपटात बाबासाहेब कोठेही नाहीत. नागसेनवनाच्या शहरात हा चित्रपट दाखविताना ही उणीव प्रेक्षकांपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००), ज्यात मामूटी यांनी नायकाची भूमिका केली, तो त्याच दिवशी दाखवावा आणि दोन्ही चित्रपट पाहिलेल्यांना आपसांत बोलू द्यावे. ते बोलणे गोड होणार नाही. पण शांतता म्हणजे गोडवा, असे समजण्याची चूक आपण पूर्वी पुष्कळदा केली आहे.

शांतारामांचा 'शेजारी' (१९४१) मला या संदर्भात विशेष मोलाचा वाटतो. दोन वृद्ध मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. त्यांच्यात फूट पाडणारा धनिक. आणि अखेर फुटणाऱ्या धरणावर एकत्र येणारे ते दोघे मित्र. हिंदी आवृत्तीत हिंदू मित्राची भूमिका मझहर खान यांनी आणि मुसलमान मित्राची गजानन जागीरदार यांनी केली. ही पात्रयोजना हेच एक निवेदन होते. चित्रपटाने सलोखा जिंकतो असे खोटे आश्वासन दिले नाही. मित्र एकत्र येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. फाळणीच्या सहा वर्षे आधी हे कुणीतरी पडद्यावर सांगून ठेवले होते.

दुसऱ्या कसोटीला सर्वांत काटेकोरपणे उतरणारे आपल्याकडील चित्रपट बहुधा आनंद पटवर्धन यांचे अनुबोधपट असतील. 'राम के नाम' (१९९२) मध्ये त्यांचा कॅमेरा ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद आहेत अशा माणसांसमोर शांतपणे उभा राहतो, साधे प्रश्न विचारतो आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबतो. या थांबण्यात एक प्रकारची अहिंसा आहे. त्याच चित्रपटात पुजारी लालदास सलोख्याची भाषा बोलताना दिसतात. पुढल्या वर्षी त्यांची हत्या झाली. आज तो प्रसंग पाहताना आपण एका जिवंत माणसाचे बोलणे ऐकत असतो आणि त्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर सुरू झालेला आणि चौदा वर्षांनी पुरा झालेला चित्रपट त्याच चिकाटीचे फळ आहे. २००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा दिग्दर्शकांनी एकजुटीने विरोध केला आणि शेजारीच 'विकल्प' नावाचा आपला समांतर महोत्सव भरविला. मोडतोड नाही, घोषणांचा गदारोळ नाही. पडदा लावला आणि चित्रपट दाखविले. महोत्सव हाच सत्याग्रह होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता जगाकडे वळू. पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०१७ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश अहिंसेलाच वाहिला होता आणि त्यात महात्मा गांधी व खान अब्दुल गफार खान यांच्या जोडीने लायबेरियाच्या लेमा बोवी यांचे नाव घेतले होते. या स्त्रीची आणि तिच्या सहकाऱ्यांची कथा 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' (२००८) या अनुबोधपटात आहे. यादवी युद्धाने पोळलेल्या देशात ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून रस्त्याकडेला दिवसचे दिवस बसून राहिल्या. २००३ साली घाना देशात वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाची दारे अडवून धरली आणि तह केल्याखेरीज प्रतिनिधींना बाहेर पडू देणार नाही असे बजावले. हा चित्रपट पाहताना जिजाईची आठवण येते. उपाशी पोरांच्या आयांनी येथे देवावर नव्हे, तर सेनापतींवर पायतण उगारले होते. २०११ साली बोवी यांना नोबेल शांतता पुरस्कार विभागून मिळाला.

परंतु सर्वच कथा अशा सुफळ होत नाहीत. व्हॅटिकनच्या त्याच यादीतील दोन चित्रपट मी महोत्सवाच्या अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवीन. पहिला 'द मिशन' (१९८६). दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या वसाहतीवर सैन्य चालून येते. एक धर्मगुरू पुन्हा तलवार हाती घेतो, दुसरा पवित्र साक्रामेंत घेऊन मिरवणुकीच्या अग्रभागी चालतो. दोघेही मारले जातात. चित्रपट कुणालाच विजयी ठरवीत नाही, आणि वसाहतीचा बळी देणारा कार्डिनल अगदी शेवटी पडद्यावरून थेट आपल्याकडे पाहतो. तो चेहरा ख्रिस्तसभेतीलच एका अधिकाऱ्याचा आहे, हे आपण ख्रिस्ती प्रेक्षकांनी विसरता कामा नये. अन्याय करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे तर कधी कधी आरशातही पाहावे लागते.

दुसरा, जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांचा 'द बर्मीज हार्प' (१९५६). युद्ध संपले आहे. डोंगरात दडलेल्या आपल्याच सैनिकांना शरण येण्यास सांगायला मिझुशिमा हा वीणावादक सैनिक जातो. ते ऐकत नाहीत आणि तोफांना बळी पडतात. शांतिदूत हरतो. मग तो भिक्षूची चीवरे अंगावर घेतो, आणि देशबांधव मायदेशी परतत असताना, बेवारस प्रेते पुरण्यासाठी मागे राहतो. येथे कुणाचे हृदयपरिवर्तन होत नाही, दार उघडत नाही, गाथा वर येत नाही. उरते ते फक्त काम. अहिंसा हरल्यानंतरही करण्याजोगे काही उरते, हे सांगणारा याच्या तोडीचा चित्रपट मी पाहिलेला नाही. अजिंठ्याच्या डोंगरावर सायंकाळी तो दाखविला जावा, अशी माझी फार इच्छा आहे.

अखेरीस महोत्सवाच्या स्वरूपाविषयी थोडे. शांततेचे चित्रपट शांतताप्रेमींनीच पाहायचे आणि एकमेकांना धन्यवाद देऊन घरी जायचे, हा अशा उपक्रमांचा ठरलेला धोका आहे. आमच्या धर्मग्रामांतील सभागृहेही या दोषातून मुक्त नाहीत. डोंगरावरील प्रवचन आपण वर्षानुवर्षे ऐकतो, आणि दुसरा गाल पुढे करण्याची वेळ येते ती नेमकी दुसऱ्या कुणावर तरी! ज्या शहराने विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे जाळपोळही पाहिली आणि शिस्तबद्ध मोर्चेही पाहिले, त्या शहरात शांततेचा महोत्सव वातानुकूलित दालनापुरता राहिला तर तो पद्मपाणीचा अपमान ठरेल. आपल्या जत्रांतून तंबूतला सिनेमा गावोगाव फिरत असे. तीच वाट पुन्हा धरावी. फर्दापुरात, पैठणला घाटाजवळ, नागसेनवनात आणि चर्चच्या अंगणात पडदा लावावा. चित्रपटानंतर दिवे लागावेत आणि प्रथम बोलण्याची संधी त्याला मिळावी, ज्याला तो चित्रपट पटला नाही. २०२० साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना, देणाऱ्या मराठवाड्याला मोकळ्या अंगणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हरित वसईच्या निःशस्त्र लढ्यातून आलेल्या या माणसाचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. त्यांची आठवण अशा एखाद्या सायंकाळी आपोआपच होईल.

षड्दंताच्या चित्रातील रंग आता बरेच झडले आहेत. मार्गदर्शकाच्या विजेरीचा झोत फिरतो तेव्हा हत्ती चटकन ओळखू येतात. राणी शोधावी लागते. सोबतच्या दासींचे तिला सावरण्यासाठी पुढे झालेले हात दिसले, की मगच ती दिसते. हे हात मला फार काळ आठवत राहिले. जिच्या आज्ञेने हे सारे घडले, ती कोसळताना चित्रकाराने तिला एकटी पडू दिलेले नाही.